आधी खूर पाहा, मग नाव सांगा

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. पोरे आईच्या मागे लागतात, आई वडिलांच्या कानावर घालते, आणि कांद्याच्या किंवा दुधाच्या पट्टीतून सहलीचे पैसे बाजूला काढले जातात. एस.टी. पुण्याला किंवा मुंबईला जाते. पोरे प्राणिसंग्रहालय पाहतात, दशम्या खातात आणि रात्री पेंगत घरी परततात. दुसऱ्या दिवशी विचारावे, "काय पाहिलेस रे?" तर उत्तर येते, "वाघ पाहिला, हत्ती पाहिला, साप पाहिले." संपली सहल!

यात पोरांचा दोष नाही. काय आणि कसे पाहायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ती पिंजऱ्यापुढच्या पाटीवरचे नाव वहीत उतरवतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे धावतात. परंतु रानात, उसात किंवा गोठ्यात कोणत्याही प्राण्याच्या गळ्यात पाटी नसते. तिथे अंगावरच्या खुणा पाहूनच हा कोण, कोणाच्या गोतावळ्यातला, आपल्याला तारक की मारक, हे ठरवावे लागते. शास्त्रात या विद्येला वर्गीकरण म्हणतात. शहरातल्या मुलाला ती परीक्षेपुरती लागते. शेतकऱ्याच्या मुलाला ती जन्मभर लागते, आणि कधी कधी तिच्यावर माणसाचा आणि जनावराचा जीव अवलंबून असतो. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदाच्या सहलीआधी चार गोष्टी सांगाव्या म्हणून हा लेख.

वर्गीकरण आपल्याला नवे नाही

बैलबाजारात उभा असलेला आपला शेतकरी काय करतो ते आठवा. तो बैलाचा ओठ उचलून दात पाहतो. आदत की दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे क्षणात सांगतो. उंच, पांढरा आणि मागे वळलेल्या लांब टोकदार शिंगांचा तो खिल्लार. मुसळधार पावसात चिखलणीला टिकणारा ठिपकेदार तो डांगी. पांढऱ्यावर काळे डाग आणि लोंबते कान असलेला तो देवणी. हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवले? खुणा पाहायच्या, त्यांतल्या टिकाऊ खुणा निवडायच्या आणि त्यांवरून प्रतवारी लावायची, हेच तर वर्गीकरण.

स्वीडनमधील कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने हेच काम साऱ्या सृष्टीसाठी केले. १७३५ मध्ये त्याने आपला पहिला आराखडा छापला, आणि त्याच ग्रंथाच्या १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची रीत पक्की केली. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते ना, तसेच हे. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या प्राण्याचा. ही रीत आजही जगभर चालते.

गोठा हीच पहिली शाळा

सहलीची तयारी आदल्या दिवशी गोठ्यात करावी. गाय, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी एवढी पाच जनावरे बहुतेक वस्तीवर मिळतात. मुलाच्या वहीत एक साधा तक्ता आखून द्यावा. त्यात असे रकाने असावेत: अंगावर काय आहे – केस, पिसे की खवले? पाय कसा – खूर, नखे की पंजा? खूर असल्यास किती भागांचा? तोंड आणि दात कसे? शिंग आहे का, आणि कसे? डोळे समोर की बाजूला? नावाचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवावा. नाव आधी कळले की पोर पाहणे थांबवते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या सहलीबरोबर मी कात्रजला गेलो होतो. पुणे-सातारा रस्त्यावरचे हे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले. जुन्या मंडळींना पर्वतीजवळचे पेशवे पार्क आठवत असेल. तिथले प्राणी पुढे इथेच आणले गेले. कात्रजला सुमारे १३० एकरांचा परिसर आहे, आत तलाव आहे, आणि प्राण्यांना हिंडायला मोकळी जागा आहे. मुलांच्या हाती आम्ही वर सांगितलेलाच तक्ता दिला होता.

चितळांच्या कुंपणाशी सहावीतली एक मुलगी बराच वेळ वाकून पाहत राहिली. बाकीची पोरे वाघाकडे पळाली तरी ही हलेना. मग म्हणाली, "साहेब, हिचा खूर आमच्या शेळीसारखाच दुभंगलेला आहे. मग ही शेळीची कोण लागते?" त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. गुरुजींनी वाघाकडे गेलेल्या पोरांना परत बोलावले, आणि खुरांचा धडा तिथेच सुरू झाला.

खूर काय सांगतो

खुरांच्या जनावरांचे दोन मोठे गट आहेत. ज्यांचा भार सम संख्येच्या बोटांवर पडतो ते समखुरी. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, चितळ, सांबर, काळवीट, जिराफ, रानडुक्कर हे सारे समखुरी. ज्यांच्या पायाचे मधले बोट मुख्य भार घेते ते विषमखुरी. घोडा आणि गाढव एकाच बोटावर चालतात. गेंड्याला प्रत्येक पायाला तीन बोटे असतात. म्हणजे आकाराने गेंडा म्हशीच्या जवळचा वाटला, तरी नात्याने तो घोड्याच्या जवळचा.

समखुरींतही पुन्हा पोटभेद आहे. गाय, शेळी, चितळ ही चार कप्प्यांच्या पोटाची, रवंथ करणारी जनावरे. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करीत नाही. दुपारच्या वेळी चितळे सावलीत बसून जबडा हलवीत असतात, ते मुलांना अवश्य दाखवावे. चारा दिसत नाही आणि तोंड मात्र चालू आहे, हे गोठ्यात रोज पाहणाऱ्या पोराला चटकन उमगते.

तुम्ही म्हणाल, चितळ शेळीचे कोणी लागले काय आणि न लागले काय, आपल्याला त्याचे काय? तर ऐका. जुलै २०२५ मध्ये याच कात्रजच्या संग्रहालयात काही दिवसांत बारापेक्षा जास्त चितळे दगावली. तपासणीत कारण निघाले ते लाळ्या-खुरकूत. आपल्या गोठ्यात येतो तोच रोग. लाळ्या-खुरकुताचा विषाणू प्रामुख्याने दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना धरतो: गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण. घोड्याला तो होत नाही. कोणाला धोका आणि कोणाला नाही, हे खुरावरून कळते. त्या मुलीच्या प्रश्नाचे मोल इतके मोठे आहे.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, लसीकरणाच्या वेळी गाय-म्हैस पुढे करून शेळ्या-मेंढ्यांना विसरू नये. त्यांच्यासाठी काय सोय आहे ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. शेळीत रोगाची लक्षणे पुष्कळदा सौम्य असतात, पण तिच्याकडून तो गायीकडे जाऊ शकतो. दुसरी, हा विषाणू कपडे, चपला आणि गाडीच्या चाकांवरूनही प्रवास करतो. गोठ्यात लाळ्या-खुरकूत असेल, तर त्या जनावरांची देखभाल करणाऱ्याने दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नये, आणि त्या घरच्या मुलाने प्राणिसंग्रहालयाची सहलही पुढे ढकलावी.

नात्यागोत्याचे हे गणित रोगजंतूंनाही लागू आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गायी-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. पुष्कळांनी विचारले, "शेळीची लस गायीला कशी?" कारण लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले आहेत.

शिंग गळणारे आणि शिंग राखणारे

खुरानंतर शिंगाकडे यावे. आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. पण शिंग नीट पाहिले तर दोघांची घराणी निराळी. चितळ, सांबर, भेकर यांच्या नराची शिंगे भरीव हाडाची असतात, त्यांना फांद्या फुटतात आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. नवी येताना त्यांवर मखमलीसारखी केसाळ कातडी असते. काळवीट, चिंकारा, नीलगाय, चौसिंगा यांची शिंगे मात्र गायीबैलांसारखी. आत हाडाचा गाभा, वर टणक खोळ, फांदी नाही, आणि एकदा आली की जन्मभराची.

विदर्भात जिला रोही म्हणतात, त्या नीलगायीवरून आमच्या मुलांत चांगलाच वाद रंगला. उंच पाय आणि मानेवर आयाळ पाहून एक जण म्हणाला, "ही घोड्याची जात." दुसऱ्याने वहीतला तक्ता पुढे केला: खूर दुभंगलेला, शिंग बिनफांदीचे. घोडा तिथेच बाद झाला! नीलगाय गायीच्याच मोठ्या कुळात मोडते.

गव्याची गंमत तर आणखी वेगळी. काळाभोर, धिप्पाड अंग पाहून कोल्हापूरकडे त्याला गवा रेडा म्हणतात. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून तो उसात उतरतो, हे त्या भागातील शेतकऱ्यांना सांगायला नको. पण शास्त्रीय नावात त्याचे आडनाव गायीचे आहे, म्हशीचे नाही. रंगावरून रेडा वाटला, तरी गवा गायीचा सख्खा भाऊबंद आहे. रंग ही कच्ची खूण, हे मुलांच्या मनावर ठसवायला गव्यासारखे उदाहरण नाही.

तोंड पाहून आहार ओळखा

गायीच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात. तिथे टणक हिरडी असते. शेळी, चितळ, काळवीट यांचेही तसेच. घोड्याला मात्र वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत. वाघ-बिबट्याने जांभई दिली की चार लांब सुळे दिसतात. हत्तीच्या ज्या दातांना आपण सुळे म्हणतो, ते खरे तर सुळे नव्हेतच; ते वरचे पुढचे दात वाढलेले असतात. आणखी एक खूण घरातल्या बायांच्या लगेच लक्षात येईल: गायीची कास मागच्या पायांत असते, हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांमध्ये असतात.

डोळ्यांची जागाही बोलते. शिकार करणाऱ्याचे डोळे समोर असतात, कारण त्याला अंतराचा अंदाज हवा. ज्याची शिकार होते त्याचे डोळे बाजूला असतात, कारण त्याला चहूकडून सावध राहायचे असते. मांजर आणि शेळी शेजारी उभी केली की हा धडा घरच्या घरी होतो.

काही प्राणी मात्र पाहणाऱ्याला चकवतात. तरस दिसायला कुत्र्यासारखे, पण नात्याने मुंगसाच्या आणि मांजराच्या बाजूचे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले पेंग्विन उडत नाहीत, तरी ते पक्षीच, कारण त्यांच्या अंगावर पिसे आहेत. आणि आपल्या चिंचेवरचे वटवाघूळ उडते, पण ते पक्षी नव्हे. त्याच्या अंगावर केस असतात आणि ते पिलाला दूध पाजते. उडणे, पोहणे ही कामे झाली. गोत्र ठरते ते अंगाच्या घडणीवरून.

उसातला पाहुणा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात उसात बिबट्या राहतो, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. गावोगाव लोक बिबट्याला 'चित्ता' म्हणतात. चित्त्याच्या अंगावर सुटे भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुले असतात. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये तो बाहेरून आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडला गेला. तेव्हा आपल्या उसात येतो तो बिबट्याच.

पोरांनी मांजराचा आणि कुत्र्याचा पाय ओल्या मातीत उमटवून पाहावा. मांजर चालताना नख्या आत ओढते, म्हणून ठसा गोल आणि सहसा बिननख्यांचा. कुत्र्याचा ठसा लांबट, पुढे नख्यांचे टोचे. बिबट्याचा ठसा म्हणजे मांजराचाच, फक्त मोठा. पाटाच्या कडेला असा ठसा दिसला, तर पहाटे एकट्याने पाणी धरायला जाऊ नये, पोरांना उसाच्या कडेला बसू देऊ नये आणि वन खात्याला कळवावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

सर्पोद्यानात घाई नको

कात्रजला सर्पोद्यान आहे. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ मध्ये सुरू झाले. इथे मुलांना निदान तासभर तरी थांबवावे. काचेच्या पलीकडे साप शांत बसलेला असतो. त्याच्या खुणा पाहायला याहून सुरक्षित जागा नाही.

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार विषारी सापांमुळे. फणा काढणारा नाग. काळ्या-निळ्या अंगावर पांढरे बारीक, बहुधा जोडीजोडीचे पट्टे असलेली मण्यार. जाड अंगावर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या रांगा असलेला, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणारा घोणस. आणि लहानसे, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करणारे फुरसे. याउलट धामण बिनविषारी. ती उंदीर खाते, म्हणजे आपल्या धान्याची राखण करते. पण लांबलचक अंग पाहून लोक तिला नाग समजून ठेचतात. कवड्याला मण्यार समजतात, दुरक्या घोणसाला घोणस समजतात. मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. एवढा बारीक फरक पोरांनी काचेतूनच पाहावा. घरात किंवा रानात साप निघाला, तर ओळख पटवायला जवळ जाऊ नये. लांब राहून सर्पमित्राला बोलवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे, हेही सांगावे.

आणि दंश झालाच, तर साप कोणता याचा खल करीत बसू नये. रुग्णालयात दिली जाणारी लस या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून नेण्याची गरज नाही. जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. १०८ ला फोन करावा. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री, खाली झोपलेल्या माणसाला होतो, आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर ते अपचन समजून ओवा देत बसू नये.

गुरुजींना आणि पालकांना

सारे प्राणी पाहण्याचा हट्ट धरू नये. आठ-दहा प्राणी नीट पाहिले तरी पुष्कळ. पाच-पाच मुलांचा गट करावा, प्रत्येक गटाला दोन प्राणी वाटून द्यावेत, आणि परतीच्या वाटेवर एका गटाने खुणा सांगाव्यात, दुसऱ्याने प्राणी ओळखावा. निघण्यापूर्वी सुटीचा वार विचारून घ्यावा. कात्रज आणि राणीची बाग ही दोन्ही बुधवारी बंद असतात. नागपूरकडच्या शाळांना महाराजबाग जवळ आहे. ती कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली असल्याने तिथे शेतीची माहितीही घेता येईल. प्राण्यांना खाऊ घालणे, खडे मारणे, ओरडणे कटाक्षाने टाळावे. बिचकलेला प्राणी कोपऱ्यात दडतो आणि पाहायला काहीच उरत नाही.

ज्यांना सहलीचा खर्च झेपत नाही त्यांनी खंत करू नये. गोठा, गावतळे, आठवड्याचा बाजार आणि गव्हाणीवर रात्री उंदीर टिपणारे घुबड, एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो. सहलीला जाणाऱ्या पोराला मात्र खाऊच्या पैशांबरोबर एक कोरी वही आणि पेन्सिल द्या. परत आल्यावर "काय काय पाहिलेस?" असे विचारू नका. "कोणाचा खूर आपल्या गायीसारखा होता, आणि कोणाचा नव्हता?" एवढे विचारा, आणि उत्तर ऐकायला सवड काढा.